नियंत्रण कक्षाच्या छतावरची चार अंडी

एका जंगलात, मुलांनो, एक ओढा होता आणि तो वाकडा होता. डोंगरातून उतरल्यावर तो दर दहा पावलांवर वळण घेई, वळणावर थोडा थांबे, दम खाई आणि मग पुढे जाई. त्याला कोठे पोहोचण्याची घाई नव्हती. नीट मांडी घालून बसा, म्हणजे आपल्यालाही होणार नाही.

त्या ओढ्याच्या काठी, खड्यागोट्यांच्या माळावर, सगुणाबाई नावाची एक टिटवी आपले पती सदोबा यांच्यासह राहत असे. टिटवी झाडावर घरटे बांधत नाही, हे तुम्हाला ठाऊक असेल; नसल्यास आता झाले. ती उघड्या जमिनीवर बारीक खड्यांचे कडे मांडते आणि त्यात अंडी घालते. सगुणाबाईंची अंडी नेहमी चार असत. चारही अंड्यांची निमुळती टोके आतल्या बाजूस वळवलेली असत, आणि एखादे टोक तसूभर जरी सरकले, तरी ते नीट केल्याशिवाय त्या दाणा टिपायला जात नसत.

त्या जंगलात एक रीत होती. ज्येष्ठ महिना लागला, की सगळे जण सगुणाबाईंनी यंदा अंडी कोठे घातली ते पाहून येत. पात्रालगत घातली असली, तर पाऊस बेताचा. काठावर घातली असली, तर पाणी काठापर्यंत. अंडी जेथे असतील, त्याच्या खालीच पाणी थांबणार, असा सर्वांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव होता. उंदीर त्याप्रमाणे बिळे खणत, गवे त्याप्रमाणे वासरांची जागा ठरवीत. याबद्दल उघडपणे मात्र कोणी बोलत नसे. येणारा "बऱ्या आहात ना?" असे विचारी, मान तिरकी करून अंडी पाही आणि घरी जाई.

जंगलाचा राजा होता पराक्रमसिंह. एकदा तो शेजारच्या जंगलात पाहुणा म्हणून गेला. परत येताना त्याने दोन गोष्टी आणल्या, अपचन आणि एक कल्पना. अपचन तीन दिवसांत बरे झाले.

"आपले जंगल आता स्मार्ट करायचे," राजाने सभेत जाहीर केले.

"म्हणजे काय करायचे, महाराज?" एका वृद्ध गव्याने विचारले.

"ते सल्लागार सांगतील."

सल्लागार म्हणून मयूरेश नावाचा एक मोर नेमला होता. तो सभेच्या मध्यभागी आला, त्याने घसा साफ केला आणि एकदम पिसारा उभारला. हेच त्याचे सादरीकरण होते. सभेने श्वास रोखला.

"हे पाहा, महाराज. माझ्या पिसाऱ्यावर शंभर डोळे आहेत. असेच डोळे आपण जंगलभर बसवू. कोणत्या झाडाचे कोणते पान केव्हा गळाले, ते आपणास बसल्या जागी कळेल."

"आणि कळल्यावर काय करायचे?" गव्याने विचारले.

"ते दुसऱ्या टप्प्यात येते," मयूरेश म्हणाला.

त्या पिसाऱ्यावरच्या शंभर डोळ्यांपैकी एकालाही दिसत नाही, ही गोष्ट सभेत कोणाच्या लक्षात आली नाही. पिसारा फारच सुंदर होता.

काम झपाट्याने झाले. प्रथम ओढा सरळ केला; वाकडेपणा विकासाला शोभत नाही, असे मयूरेशचे मत होते. दोन्ही काठांवर गुळगुळीत फरश्या बसवल्या. टेकाडावर नियंत्रण कक्षाची दुमजली इमारत उठली. तिच्या छतावर बारीक खडी पसरली, कारण खडीने इमारत थंड राहते आणि अशा छताला शाश्वत छत म्हणतात. प्रत्येक प्राण्याला पिंपळपानाएवढा एक पडदा मिळाला. पडदा हिरवा असला, की सर्व कुशल आहे असे समजायचे.

पाण्याची पातळी मोजण्यासाठी एक फार मौल्यवान यंत्र आणले होते. त्याच्या पेटीवर स्पष्ट लिहिले होते, की यंत्र भिजल्यास हमी रद्द होईल. म्हणून ते यंत्र नियंत्रण कक्षाच्या आत, वरच्या मजल्यावर, काचेच्या कपाटात ठेवले. तेथून ते पाणी नसल्याचे दर घटकेला अचूक कळवीत असे.

ज्येष्ठ लागला. सगुणाबाई अंडी घालण्यासाठी काठावर गेल्या, तर तेथे फरश्या. त्यांनी चोचीने एक खडा आणून फरशीवर ठेवला. खडा घरंगळत पाण्यात गेला. त्यांनी दुसरा ठेवला, तोही गेला. तिसरा त्यांनी आणला नाही.

"अहो," त्या सदोबांना म्हणाल्या, "इथे खडा टिकत नाही, अंडे काय टिकणार? कार्यालयात जाऊन विचारून येते."

"आजवर कधी कोणाला विचारून अंडी घातली होतीस?" सदोबा म्हणाले.

"आजवर कार्यालय नव्हते."

नियंत्रण कक्षात धांदरफळे नावाचा ससा नागरिक सेवा पाहत असे. त्याने पडद्यावर बराच वेळ शोधले.

"बाई, बिळाची परवानगी आहे, फांदीची आहे, गुहेची आहे. अंडी घालणे ही सेवा यादीत नाही."

"मग मी काय करावे?"

"तक्रार नोंदवा. विषय काय लिहू?"

"अंडी."

"त्यांची काही तक्रार आहे का?"

"अजून घातली नाहीत, भाऊसाहेब. घातल्यावर विचारीन."

दुसऱ्या दिवशी सगुणाबाईंच्या पडद्यावर संदेश उमटला, की आपल्या तक्रारीचे समाधानकारक निराकरण झाले असून आपण सेवेला पाचपैकी किती तारे द्याल ते कळवावे. सगुणाबाईंनी आकाशाकडे पाहिले. तारे नव्हते, पश्चिमेकडे डोंगरामागे काळपट कड मात्र होती. अशी कड त्यांनी आयुष्यात एकदाच पाहिली होती आणि त्या वर्षी त्यांनी टेकाडावर अंडी घातली होती.

त्या टेकाडावर गेल्या. टेकाडावर इमारत होती. इमारतीवर छत होते. छतावर खडी होती.

सगुणाबाईंनी खड्यांचे कडे मांडले, चार अंडी घातली, चारही टोके आत वळवली आणि त्या शांतपणे उबवायला बसल्या.

ही बातमी कोणत्याही पडद्यावर आली नाही. तरी संध्याकाळपर्यंत ती जंगलभर झाली. दुसऱ्या दिवसापासून नियंत्रण कक्षात रीघ लागली. कोणाची पाण्याची तक्रार, कोणाची वाटेची, कोणाची शेजाऱ्याच्या घोरण्याची. जो तो येई, तक्रार लिहून देई, बाहेर पडताना मान तिरकी करून छताकडे पाही आणि पाय उचलून घरी जाई. त्या आठवड्यात तक्रारी दहापट झाल्या. मयूरेशने राजापुढे याला लोकसहभाग असे नाव दिले.

मग नियंत्रण कक्षाच्या पडद्यावरचे, कोणता प्राणी कोठे आहे ते दाखवणारे ठिपके डोंगराच्या दिशेने सरकू लागले. प्रथम उंदीर, मग भेकरे, मग वासरांसह गवे. मयूरेशने याला पर्यटनवाढ म्हटले. पण आषाढात ओढ्याकाठच्या नव्या विहारपथाचे उद्घाटन ठरले होते. त्याला चार जंगलांचे राजे येणार होते, आणि टाळ्या वाजवण्यासाठी प्रजा लागणार होती. ठिपके मोजता मोजता मयूरेशचा तुरा ताठ झाला. त्याने धांदरफळेला बोलावले.

"हे सगळे चालले कोठे?"

"डोंगरावर, साहेब."

"कारण?"

सशाने वर बोट दाखवले. मयूरेश छतावर चढला आणि त्याने प्रथमच ती चार अंडी पाहिली.

सगुणाबाईंना राजापुढे उभे केले. आरोप असा होता, की सर्व पडदे हिरवे असताना त्यांनी उंच जागी अंडी घालून घबराट पसरवली.

"महाराज," मयूरेश म्हणाला, "ओढ्यालगत, फरश्यांच्या खालच्या अंगाला, आम्ही अंडी क्षेत्र क्रमांक तीन आखून दिले आहे. तेथे फलकही लावला आहे. बाईंनी अंडी तेथे न्यावीत. सर्वांना ती खाली दिसली, की सर्व जण खाली येतील."

"सगुणाबाई, तुमचे म्हणणे काय आहे?" राजाने विचारले. "पूर येणार आहे, असे तुमचे भाकीत आहे का?"

"मी भाकीत करत नाही, महाराज. मी अंडी घालते. माझी पोरे बुडू नयेत, एवढेच पाहते. बाकीचे लोक वर बघतात, त्याला मी काय करणार?"

"पण आमचे यंत्र तर म्हणते, पाणी नाही."

"ते कपाटात आहे, महाराज."

"मग खुर्चीवर ठेवायचे का?" मयूरेशने विचारले आणि सभा हसली.

सगुणाबाई हसल्या नाहीत. "अंडी उबवायला अठ्ठावीस दिवस लागतात. त्यातले बावीस झाले आहेत. आज ती हलवली, तर आतला जीव जाईल. सहा दिवस द्या. मग पोरे स्वतःच्या पायांनी खाली उतरतील आणि छत तुमचे तुम्हाला मिळेल."

राजा विचारात पडला. तो दुष्ट नव्हता. त्याच्या निमंत्रणपत्रिका वाटून झाल्या होत्या. "उद्घाटन पाच दिवसांनी आहे," तो म्हणाला. "त्या दिवशी सायंकाळी पाच वाजता मी पाहुण्यांना नियंत्रण कक्ष दाखवायला आणणार. तोपर्यंत अंडी खाली गेली पाहिजेत. न गेल्यास सल्लागार स्वतः नेतील."

एक दिवस कमी पडत होता. सगुणाबाईंनी तो मागितला नाही. त्या परत येऊन अंड्यांवर बसल्या. सदोबा छताच्या कडेवर उभे राहिले.

"मोर आला तर मी त्याच्या डोक्यावर झडप घालीन," सदोबा म्हणाले.

"घाला," सगुणाबाई म्हणाल्या. "पण खाली उतरताना खडी उडवू नका."

उद्घाटनाचा दिवस उजाडला. डोंगरामागे ढगांची थप्पी लागली होती. मयूरेश व्यासपीठाची पाहणी करत असताना त्याचे पाय आपोआप थिरकू लागले आणि पिसारा हळूच उलगडू लागला. मोराच्या जातीला ढग सांगावे लागत नाहीत. पण त्याने पडद्याकडे पाहिले. पडदा हिरवा होता. त्याने पिसारा मिटला आणि एक पाय दुसऱ्या पायाने दाबून धरला.

चार वाजता पाहुणे राजे खुर्च्यांवर बसले. प्रजेच्या जागी धांदरफळे एकटाच होता; त्याला टाळ्या वाजवण्याची लेखी आज्ञा होती. पराक्रमसिंहाने भाषणाला आरंभ केला. तेवढ्यात डोंगरात धो धो पाऊस कोसळला. पूर्वी ते पाणी वळणावळणावर थांबत, दम खात आले असते. आता थांबायला वळणच नव्हते. गुळगुळीत फरश्यांवरून ते असे आले, की भाषणातले पहिले वाक्य संपण्याच्या आत व्यासपीठ तरंगू लागले.

राजे धावले, सल्लागार धावला, ससा टाळ्या वाजवत धावला. जवळ उंच जागा एकच होती. पाणी पहिल्या मजल्यावर चढले, तसे सगळे छतावर चढले.

"पाय जपून, महाराज," सगुणाबाई म्हणाल्या. "अंडी आहेत."

पाच राजे, एक भिजलेला मोर आणि एक ससा छताच्या कडेला अंग चोरून उभे राहिले. मध्ये सगुणाबाई बसल्या होत्या. शेजारच्या राजाची शेपटी खड्यांच्या कड्याला लागली, तेव्हा त्यांनी नुसती नजर वर केली. राजाने शेपटी हातात धरली. खाली वरच्या मजल्यावर काचेचे कपाट बुडाले. आयुष्यात प्रथमच यंत्राला पाणी लागले आणि त्याची हमी रद्द झाली.

पाणी चढत चढत छतापर्यंत आले आणि खड्यांच्या कड्यापासून वीतभर खाली थांबले. पाच वाजून गेले. अंडी न्यावयाची खालची जागा दिसत नव्हती, आणि मयूरेशने तो विषय काढला नाही.

पाणी ओसरायला रात्र गेली. सकाळी एका अंड्याला तडा गेला, मग दुसऱ्याला. दुपारपर्यंत चार पिल्ले लांब पायांवर तुरुतुरु पळू लागली. डोंगरावरून सगळे प्राणी सुखरूप उतरले. एकालाही खरचटले नव्हते.

आता राजाने सगुणाबाईंचा सत्कार केला असेल, असे तुम्हाला वाटेल. गोष्टीच्या मध्ये अंदाज बांधू नयेत.

राजाने चौकशी समिती नेमली. तिचे अध्यक्ष मयूरेशच होते, कारण प्रकल्पाची माहिती त्यांनाच होती. समितीने तीन महिने अभ्यास करून अहवाल दिला.

"महाराज, आम्ही मागील सर्व वर्षे तपासली," मयूरेशने नव्या पिसाऱ्यासह सांगितले. "अंडी पात्रालगत होती, तेव्हा पाणी पात्रात राहिले. अंडी काठावर गेली, तेव्हा पाणी काठापर्यंत आले. यंदा अंडी छतावर गेली आणि पाणी छतापर्यंत आले. प्रत्येक वेळी आधी अंडी वर जातात, मग पाणी. पुराचे कारण सिद्ध झाले आहे."

"उपाय?" राजाने विचारले.

"अंडी कायमची खाली ठेवावीत."

त्याप्रमाणे अंडी क्षेत्र क्रमांक तीनमध्ये चिनी मातीची चार अंडी सिमेंटने पक्की बसवली. त्यांवर एक डोळा लावला. शेजारच्या जंगलांनी पूरनियंत्रणाच्या या सुलभ पद्धतीला पारितोषिक दिले. मोठा समारंभ झाला, सर्व प्राण्यांनी टाळ्या वाजवल्या आणि पडदे हिरवेगार झाले. सगुणाबाईंना पुन्हा असे न करण्याबद्दल लेखी ताकीद मिळाली. त्यांनी ती वाचली, तीतल्या शुद्धलेखनाच्या दोन चुका दाखवून दिल्या आणि परत केली.

पुढच्या ज्येष्ठात सगुणाबाई डोंगराच्या उतारावर, एका उघड्या कातळावर गेल्या. खड्यांचे कडे, चार अंडी, टोके आत.

एके दिवशी भर दुपारी घोंगडी पांघरलेला कोणी एक जण धापा टाकत तेथे आला. "बऱ्या आहात ना?" त्याने आवाज बदलून विचारले आणि मान तिरकी केली. घोंगडीखालून शेपटीचा झुबका दिसत होता.

"बरी आहे," सगुणाबाई म्हणाल्या. "पाय जपून, महाराज."

तो घाईघाईने गेला. थोड्या वेळाने दुसरी घोंगडी वर येताना दिसली. तिच्या मागे पाच हात लांब, शंभर डोळ्यांचे काहीतरी फरफटत होते.

"याच्या डोक्यावर झडप घालू का?" सदोबांनी विचारले.

"राहू द्या. पाहून जाऊ दे त्यालाही."

दुसऱ्याच दिवशी राजवाडा आणि सल्लागारांचे कार्यालय हवापालटासाठी डोंगरमाथ्यावर हलले.

तात्पर्य : उंच जागी अंडी घालणाऱ्यांमुळेच पूर येतात, हे चारचौघांत ठामपणे सांगावे. मात्र आपले स्वतःचे घर बांधण्यापूर्वी, यंदा ती कोठे घातली आहेत, ते घोंगडी पांघरून पाहून यावे.