घर आपलंच समजा

शामरावकाकांच्या घराचे जेवढे फोटो इंटरनेटवर आहेत, त्या सगळ्यांत शामरावकाका आहेत. पलंगाच्या फोटोत उशाशी उभे, फ्रिजच्या फोटोत फ्रिजवर हात ठेवून, आणि संडासाच्या फोटोत कमोडच्या बाजूला, डोक्यावर टोपी, हात जोडून.

मी म्हटलं, "काका, लोकायले घर पाहाचं असते, तुमाले नाई."

"माणूस नसला त फोटो पंचनाम्याचा वाटते," काका म्हणाले. "टाक तसाच."

लोणारकडच्या मालेगावात माझं ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे, म्हणून ही ब्याद माझ्या गळ्यात पडली. काकू वारल्या, पोरगी पुण्याला नांदते. शेतातल्या दोन खोल्यांपैकी एकीत काका राहतात. दुसरीला त्यांनी फरशी, कूलर आणि तो कमोड बसवला आणि सुट्टीत फिरायला निघणाऱ्या शहरातल्या लोकांना ती भाड्याने द्यायची ठरवली. कारण विचारलं तर एवढंच, "खोली रिकामी ठेवली त उंदरं होतात."

जाहिरातीचा मथळा त्यांचाच: 'घर आपलंच समजा'. सोयींच्या रकान्यात त्यांनी सांगितलं ते मी जसंच्या तसं टाकलं, कारण त्यांच्याशी वाद घालायची माझी टाप नाही. 'मच्छर हायत, पन गावापेक्षा कमी. लाइट जाते, येते. कुत्रं चावत नाई, भुकते.' नकाशावर घराची खूण मात्र करू देईनात. "कायले? फाट्यावर उतरून कोनालेही शामराव इचारा म्हनाव."

खरं संकट चौकशी आल्यावर. पलीकडून विचारायचे, 'शनिवार-रविवार खोली मिळेल का?' काका लिहायला लावायचे, 'मूळ गाव कोनतं? मामाचं गाव कोनतं?' माणसं पुन्हा फिरकायची नाहीत. मी कपाळावर हात मारून घ्यायचो. काका म्हणायचे, "घरात घेतो बाप्पा. कोनाचे कोन, हे इचारू बी नाई का?"

शेवटी लोणार पाहायला निघालेलं पुण्याचं एक जोडपं अडकलं. अडकलं हाच शब्द बरोबर. काका चहा घेऊन हजर, कप न्यायला हजर, कप नेल्यावर चहा कसा झाला ते विचारायला हजर. रात्री रोडगे आणि वांग्याची भाजी, समोर बसून वाढलेली. नको म्हटलं की ताटात आणखी एक रोडगा. सकाळी दोघं लोणारला निघाली, तर गाडीत पुढच्या सीटवर काका. "रस्ता चुकसान," म्हणाले. बायको बिचारी मागे बसली. येताना रिसोडला साडूकडे चहा झाला, कारण साडूच्या दारावरून गाडी तशीच पुढे नेली तर साडू वर्षभर बोलत नाही. निघायच्या दिवशी काकांनी शेजारची सून बोलावून त्या बाईची ओटी भरवली आणि डिकीत तुरीच्या डाळीची पिशवी ठेवली. ती दोघं गेल्यावर काका दुकानात आले ते छाती काढूनच. रोज विचारायचे, "काही लिवलं का त्यायनं?"

लिहिलं. मी वाचून दाखवलं: 'घर स्वच्छ, जेवण अप्रतिम. पण प्रायव्हसी अजिबात नाही. मालक सतत सोबत असतात.' पाचपैकी दोन तारे.

काकांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "हे प्रायव्हसी म्हंजे काय असते बे?"

"म्हंजे माणसाले एकटं राहू देनं, काका. कोनी मंधात येत नाई, बोलत नाई. शहरातले लोक त्याच्यासाठीच पैसे मोजून बाहेर जातात."

"पैसे मोजून?" काका स्क्रीनकडे वाकले. "हे त माह्यापाशी लय हाय रे. तुयी काकू गेली तवापासून घरभर हाय. मले वाटे, हे कोनालेच नको असन."

मी जाहिरातीतला सोयींचा रकाना उघडला.

"लिव त मंग," काका म्हणाले. मी लिहिलं: 'प्रायव्हसी हाय. लागन तेवढी हाय. नको झाली त हाक मारा.'

दुसऱ्या दिवशी दुकान उघडतो न उघडतो तो काका हजर. फोन माझ्यापुढे केला. "याच्यासंग हा फोटो टाक."

अंगणातली बाज. बाजेवर घडी घातलेली चादर, मागे कुंपण. काकांच्या घराचा हा पहिलाच फोटो, ज्यात काका नव्हते.

मी फोन परत दिला. म्हटलं, "हा नाई टाकत. पंचनाम्याचा वाटते."

काकांनी टोपी काढली. झटकून पुन्हा डोक्यावर घातली.

"मंग संध्याकाळी घरी ये अन् दुसरा काढ," ते म्हणाले. "वांगे हायत."