असा पत्ता अस्तित्वात नाही

सोमवारी सकाळी काकांनी घरातला जुना सर्व्हर काढून नवा बसवला, आणि त्या दिवसापासून घरात एकही नको असलेली मेल आली नाही. खरं तर कुठलीच आली नाही, पण हे लक्षात यायला दोन दिवस गेले. ते दोन दिवस काका खुशीत होते. "बघितलंस, कचरा कसा थांबला ते," असं त्यांनी काकूंना तीनदा ऐकवलं.

काका टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झाले होते. आपली पत्रं आपल्याच घरात उतरली पाहिजेत, असं त्यांचं ठाम मत होतं. म्हणून त्यांनी आडनावाचा एक पत्ता इंटरनेटवर घेतला होता आणि वॉशिंग मशीनशेजारच्या कपाटात, टॉवेलांच्या खालच्या फळीवर, एक छोटा कॉम्प्युटर मांडला होता. या आडनावाची मेल कुठे पोचवायची, असं जगातून कुणी विचारलं की तो सांगे. त्यासाठी त्याच्यात नावांची एक यादी होती. तो पत्ता काका आणि काकू वापरत. धाकट्या भावालाही त्यांनी देऊ केला होता. तो "बघतो" म्हणाला, त्याला नऊ वर्षं झाली.

बुधवारी छापखान्याच्या मालकांचा काकूंना फोन आला. काकू त्यांच्याकडची मुद्रितं तपासत.

"काकू, आमच्यावर रागावलात का?" ते म्हणाले. "शेवटची चार प्रकरणं पाठवली, तर परत आली."

काकूंनी फोन ठेवला आणि कपाटाकडे पाहिलं. "अहो, कचऱ्याबरोबर माझं पुस्तकही थांबलंय."

काका लगेच कामाला लागले. त्यांनी स्वतःलाच एक पत्र लिहिलं. ते क्षणात आलं. दुसरं काकूंना लिहिलं; तेही आलं. "सगळं ठीक चाललंय," ते म्हणाले. "चूक छापखान्याची असणार." घरातलं पत्र घरातल्या घरात फिरतं, त्याला बाहेरच्या कुणाला पत्ता विचारावा लागत नाही, हे त्यांना माहीत होतं. पण माहीत असलेली गोष्ट ऐन वेळी आठवतेच असं नाही.

खरं म्हणजे त्यांचं चित्त दुसरीकडेच होतं. आदल्या रविवारी लेकीशी फोनवर त्यांचं वाजलं होतं. तिला विमा कंपनीतली कायमची नोकरी सोडून सायकल दुरुस्तीचं दुकान काढायचं होतं. काका बरंच बोलले. ती शेवटी म्हणाली, "बाबा, तोंडाने नको. मी लिहूनच पाठवते." तेव्हापासून ते वाट पाहत होते. पत्र येत नव्हतं, याचा अर्थ ती अजून रागात होती; आणि ती रागात असताना आपण होऊन फोन करायचा म्हणजे माघार घेतल्यासारखं झालं असतं.

गुरुवारी दुपारी धाकटा भाऊ दारात उभा राहिला. त्याच्या हातात ड्रिल मशीन होतं.

"दादा, हे घे. चार वर्षं झाली, माझंच चुकलं."

काका ड्रिलकडे बघत राहिले. ते प्लंबरने नेलं, असं समजून त्यांनी चार वर्षं त्या प्लंबरला घरात पाऊल ठेवू दिलं नव्हतं.

"पण आज कसं काय आठवलं?"

"तू पत्ताच काढून टाकलास म्हटल्यावर काय करणार?" भावाने मोबाइल पुढे केला. त्याने पाठवलेली मेल परत आली होती आणि वर लिहिलं होतं: असा पत्ता अस्तित्वात नाही. "आधी वाटलं, माझ्यापुरतंच असेल. पुतणीला विचारलं, तर ती म्हणाली, मलाही हेच आलंय. बाबांनी माझं नावच टाकलंय, म्हणाली."

काका खुर्चीवर बसले. ड्रिल त्यांच्या मांडीवरच राहिलं.

"अहो, आता तरी तिला फोन करा," काकू म्हणाल्या.

"आधी दुरुस्त करतो. मग करतो."

"दुरुस्त काय, सर्व्हर की ती?"

काका उठून कपाटापाशी गेले. मग काकूंनीच फोन लावला. लेक आईशी थोडकंच बोलली. शनिवारी येते म्हणाली.

शुक्रवारभर काकांनी यादी वाचली. ती त्यांनी नव्या मशीनसाठी स्वतः टाइप केली होती, त्यामुळे ती त्यांना बरोबरच दिसत होती. शनिवारी सकाळी त्यांनी तिची छापील प्रत काढून काकूंपुढे ठेवली. "यातलं काही तुला कळणार नाही. पण तुझी नजर ताजी आहे."

काकूंनी चष्मा लावला, पेन्सिल घेतली आणि नाश्त्याच्या बशा बाजूला सारल्या. दोन मिनिटांत पेन्सिल एका ओळीवर थांबली.

"या सगळ्या मोठ्या नावांच्या शेवटी टिंब आहे. मेलच्या ओळीत नाही. हे मुद्दाम?"

काका कागदावर वाकले. टिंब नसलं की सर्व्हरला वाटतं नाव अर्धवट राहिलंय, आणि आडनाव आधीच असलं तरी तो ते पुढे पुन्हा जोडून देतो. पाच दिवस तो जगाला एकच आडनाव दोनदा सांगत होता, आणि असं घर खरोखरच कुठे नव्हतं.

"मुद्दाम नाही," ते म्हणाले.

त्यांनी टिंब दिलं आणि सर्व्हर पुन्हा सुरू केला. मात्र चुकीची नोंद बाहेरच्या मशीनांनी लक्षात ठेवलेली असते. ती विसरायला तासभर जाणार होता. तो तास संपता संपता लेक आली. चप्पल काढून ती दाराशीच थांबली.

"बाबा, मला काढलंत का?"

"तुला कशाला काढीन? टिंब राहिलं होतं."

त्यांनी तिला कागद दाखवला. तिने तो दोनदा वाचला आणि आईकडे पाहिलं. आईने होकारार्थी मान हलवली. मग ती आत येऊन बसली.

"तू काय लिहिलं होतंस?" काकांनी विचारलं. "आता पाठवलंस तर पोचेल."

तिने मोबाइलवर ते पत्र उघडलं, थोडं वाचलं आणि पुसून टाकलं. "ते रागात लिहिलं होतं. पोचलं नाही तेच बरं झालं."

"पण मला बाहेरून एक तरी मेल यायला हवी. चाचणी म्हणून. काहीही लिही."

ती बाल्कनीत गेली. काका कपाटापुढे स्टूल टाकून बसले. थोड्या वेळाने पडद्यावर पाच दिवसांतली बाहेरची पहिली मेल उतरली. एकच ओळ होती: बाबा, नोकरी मी सोमवारीच सोडली.

"पोचलं का हो?" काकूंनी आतून विचारलं.

काकांनी ती ओळ पुन्हा वाचली. पाच दिवस ती काय समजून बसली होती, आणि हे सांगायला तिच्याकडे पत्तासुद्धा नव्हता.

"पोचलं," ते म्हणाले.

मग उत्तर जातंय का तेही बघायला हवं, म्हणून त्यांनी दोन बोटांनी सावकाश लिहिलं: दुकानालाही पत्ता लागेल. यादीत एक ओळ वाढवतो.

लेक बाल्कनीतून आत आली. तिचे डोळे ओले होते आणि बोलताना ती जरा अडखळली. "बाबा, दुकानाचा पत्ता मी बाहेरच्या एका कंपनीकडून घेतलाय. मागच्याच महिन्यात."

काकांनी मान डोलावली. काकू चमचा हातात घेऊन दारात येऊन उभ्या होत्या.

"त्यांच्या नोंदी बरोबर आहेत ना?" काकांनी विचारलं. "एकदा बघू का?"

"बघा ना."

ती त्यांच्याशेजारी स्टूल ओढून बसली. त्यांनी एकेक नोंद उघडली, प्रत्येक नावाचं शेवटचं टिंब बोट ठेवून तपासलं, आणि ते झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून तपासलं. एकही चूक निघाली नाही. काकांना जरासं वाईटच वाटलं.