सुनेला चढ झेपत नाही

"आमची सून नाजूक आहे गं. तिला चढ झेपत नाही. म्हणून या वेळी सहलीला तळ्याचीच वाट धरतोय, दुसरं काय."

सासूबाई स्वयंपाकघरात दाराकडे पाठ करून फोनवर आपल्या बहिणीला हे सांगत होत्या. आणि ती नाजूक सून वाळलेल्या कपड्यांचा हनुवटीपर्यंत ढीग घेऊन बाहेर पॅसेजमध्ये उभी होती. ती तशीच मागे सरकत खोलीत गेली आणि कपड्यांच्या ढिगासकट पलंगावर बसली.

खरं तर राग यायला हवा होता. तो नंतर आला (तिच्याकडे रागाची गाडी नेहमीच उशिरा येते). आधी आली ती धास्ती. यांना कळलं कसं?

कारण तिला उंचीची भीती वाटायची. साधीसुधी नाही. स्टुलावर चढून दिवा बदलायचा म्हटलं तरी तळपायाला मुंग्या यायच्या. पण हे तिने या घरात कोणाला सांगितलं नव्हतं, आणि नवऱ्याला तर मुळीच नाही. लग्न ठरण्याआधीच्या पहिल्याच भेटीत तो म्हणाला होता, "मला डोंगर फार आवडतात." आणि ती म्हणाली होती, "मलाही." यात खोटं काही नव्हतं. तिला डोंगर आवडायचेच. खालून. त्याने मात्र त्या एका शब्दावर जन्मभराच्या सहली रचल्या होत्या. "बाकीच्या सगळ्या समुद्र म्हणाल्या, ही एकटी डोंगर म्हणाली," हे तो अजून पाहुण्यांना सांगायचा. आता उलगडा झाला तर तो काय म्हणेल, या विचाराने तिने त्या दिवशी एकाच चादरीची तीनदा घडी केली.

संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर नवऱ्याने लॅपटॉप उघडला. तो पंपाच्या कारखान्यात नकाशे काढायचा, आणि जोडून सुट्टी आली की डोंगरातल्या वाटा निवडायला बसायचा. त्याची पद्धत म्हणजे अनोळखी माणसांनी लिहिलेले अभिप्राय वाचायचे आणि त्यांच्यावर सख्ख्या भावासारखा विश्वास ठेवायचा.

"तीन वाटा आहेत," तो म्हणाला. "एक तळ्याची. सपाट. बसायला बाकं. दुसरी धबधब्याची, थोडा चढ. आणि तिसरी कड्याची. पाठीवर तंबू घेऊन डोंगराच्या धारेवरून जायचं आणि वरच मुक्काम करायचा. ऐका, काय लिहिलंय. 'वाट अरुंद. दोन्ही बाजूंना काही नाही. अविस्मरणीय.'"

"काही नाही म्हणजे?" सासूबाईंनी विचारलं. "चहाबिहा मिळत नाही का?"

"नाही आई. काही नाही म्हणजे काहीच नाही. हवा."



"मला काय, मी कुठेही येईन," सासरे चष्मा पुसत म्हणाले. "पण सूनबाईला विचारा."

"हो ना, वहिनी म्हणेल ते," नणंद म्हणाली.

"तिला झेपेल तीच घेऊ," सासूबाई म्हणाल्या.

या घरात आल्यापासून तिने सगळ्यात जास्त वापरलेला शब्द होता 'चालेल'. चहा गार झाला, चालेल. खिडकीकडची जागा मिळाली नाही, चालेल. आत्ताही तिला फक्त 'तळ्याची चालेल' एवढंच म्हणायचं होतं. जिभेवर आलंही होतं. पण तेवढ्यात ते 'झेपेल' कानात शिरलं, सकाळपासून वाटेत अडकलेली रागाची गाडी धडधडत आत आली, आणि तिच्या तोंडून निघालं, "कड्याची."

ती चष्म्याच्या दुकानात काम करायची. गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवून 'आता नीट दिसतंय का' असं दिवसभर विचारायची. नंबर एकदम दुपटीने वाढलाय असं सांगितलं की माणसं जसा चेहरा करतात, तसे चेहरे तिला आत्ता टेबलाभोवती दिसले.

"वा," सासरे म्हणाले. बदलीचा हुकूम हातात पडल्यावर म्हणतात तसं. "शाबास."

नवरा मात्र तिच्याकडे नुसता बघत राहिला. डोळे लकाकत होते. आता माघार नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून घराला तयारीचा ताप भरला. सासरे निवृत्त लिफ्ट निरीक्षक. उभ्या आयुष्यात जिना हा त्यांनी फक्त लिफ्ट बंद असतानाचा नाइलाज म्हणून पाहिलेला. ते पाठीवर पिशवी घेऊन, पिशवीत जुने नटबोल्ट भरून, इमारतीचा जिना चढू लागले. परिणाम एवढाच झाला की लिफ्टमधला जाणता माणूस जिन्याने जातोय हे पाहून सगळ्या इमारतीने लिफ्ट सोडली. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी धापा टाकत दाराशी आल्या. "काका, आम्हालाही सांगायचं होतं हो वेळेवर. दोरखंड तुटायला आलाय का?" सासरे "छे छे" म्हणाले, पण श्वास पुरा पडेना म्हणून एकच 'छे' बाहेर आलं, आणि ते आजींना फारच गंभीर वाटलं.

तंबू एकदा लावून पाहायचा म्हणून दिवाणखान्यात उभा केला. तो उभा राहिला, पण परत आपल्या थैलीत जायला तयार होईना. सासूबाई शाळेत शिवण शिकवायच्या. त्यांनी शेवटी जुन्या पडद्याची मोठी थैली शिवायला घेतली. ती होईपर्यंत सोफ्याकडे जाताना सगळे वाकून तंबूतून जात.

आणि मग एकेक जण तिला एकटीला गाठू लागला.

सासूबाईंनी थैलीला टीप घालताघालता मान वर न करता विचारलं, "खरंच झेपेल ना गं तुला? नाही म्हणालीस तरी कोणी मनात आणणार नाही. उलट..." उलट काय ते मशीनच्या आवाजात गेलं.

सासरे गुडघ्याला मलम चोळत म्हणाले, "तुझे गुडघे कसे आहेत?"

"बरे आहेत, बाबा."

"असं," सासरे म्हणाले. त्यांना फार वाईट वाटलेलं दिसलं.

नणंद दोघांपेक्षा सरळ होती. ती दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती. दुखणारी गोष्ट लवकर उरकावी या मताची. "वहिनी, जिन्यात जरासा पाय मुरगळून घे ना," ती म्हणाली. "प्लीज."

"मी?"

"मग कोण? अगं, आमच्या घरात नाही म्हणायचं असलं तर आपल्या नावावर म्हणत नाहीत. तुला कोणी सांगितलं नाही का? आईला कुठे जायचं नसलं की बाबांची पाठ धरते. बाबांना नको असलं की माझी परीक्षा असते. माझं शिक्षण संपून किती काळ लोटला, लोक अजून मला शुभेच्छा देतात. तू आलीस तेव्हा आम्हाला केवढं हायसं वाटलं. नवी सून म्हणजे तिला काहीही झेपत नसलं तरी चालतं."

म्हणजे कोणाला काही कळलेलंच नव्हतं. तिच्या भीतीचा पत्ता कोणालाच नव्हता. त्यांनी सहज हवेत दगड भिरकावला होता, तो नेमका तिला लागला होता, आणि ती रागाच्या भरात या सगळ्यांना बखोटीला धरून कड्यावर घेऊन निघाली होती.

त्या संध्याकाळी तिने नवऱ्याला सांगायचं ठरवलं. तो तंबूत बसून दोरीच्या गाठी शिकत होता.

"अरे, ऐक ना. ती कड्याची वाट..."

"तुला सांगू?" तो म्हणाला. "आमच्या घरात आजवर कोणी एकदम असं ठाम बोललंच नाही. तू कड्याची म्हणालीस ना, तेव्हा मला वाटलं, सुटलो. बरोबर माणूस भेटलं." त्याने मारलेली गाठ त्याच्याच अंगठ्याला बसली होती. "तू काय म्हणत होतीस?"

"काही नाही. बूट घट्ट बांध म्हणत होते."

जायचा दिवस उजाडला. आदल्या रात्री तिचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. जरा डुलकी लागली की दोन्ही बाजूंना काही नसायचं.  गाडीत सासरे सारखे आभाळाकडे बघत होते. आभाळ निर्लज्जासारखं निळं होतं.

गाड्या उभ्या करायची जागा हमरस्त्याच्या अलीकडे होती आणि डोंगर पलीकडे. मध्ये रस्त्यावरून जायला एक लोखंडी पूल. पाचही जण पाठीवर बोजे घेऊन पायऱ्या चढले. वर पोचल्यावर सगळ्यांनी आदराने बाजूला होऊन वाट दिली.

"आधी सूनबाई," सासरे म्हणाले.

ती निघाली. पूल जाळीचा होता हे तिला मध्यावर कळलं. पावलांच्या मधून एका ट्रकचं टप सरसर निघून गेलं, आणि तिचे दोन्ही हात आपणहून कठड्याला जाऊन चिकटले. तळपायाच्या मुंग्या गुडघ्यापर्यंत चढल्या. मागे बुटांचे चार जोड एकापाठोपाठ थांबल्याचं तिला ऐकू आलं.

"का थांबलो?" सासूबाईंचा आवाज बारीक झाला होता. "यांची पाठ धरली असेल. परत फिरायचं का?"

"माझी पाठ ठणठणीत आहे," सासरे म्हणाले. "पोरीचा चेहरा बघ. तिला बरं वाटत नाहीये."

"मला काय झालंय? दादाला बूट चावतोय," नणंद म्हणाली.

"बूट ठीक आहे," नवरा म्हणाला. "हिला विचारा. हिला नको वाटत असेल तर माझं काही म्हणणं नाही. अजिबात नाही."

तिने कशीबशी मान वळवली. सासूबाईंनी सासऱ्यांच्या पिशवीचा पट्टा दातात धरावा इतका जवळ ओढला होता. नणंद खाली बसली होती. आणि डोंगर फार आवडणाऱ्या तिच्या नवऱ्याने कठड्याला मिठी मारून डोळे गच्च मिटून घेतले होते. मिटलेले डोळे किती प्रकारचे असतात हे तिला दुकानात रोज दिसायचं. हे 'दृश्य मनात साठवून घेतोय' असे मिटलेले नव्हते.

पलीकडून एक बाई बाबागाडी ढकलत आली. पुलाला खडखड हादरा बसला आणि पाचही जणांनी एका सुरात श्वास आत घेतला. "अहो, जरा वाट देता?" बाई म्हणाली. गाडीतलं बाळ बिस्किट चोखत सुनेकडे मोठ्या कुतूहलाने पाहत होतं.

"सांग ना गं," मागून सासूबाई पुटपुटल्या. "तू म्हणालीस की झालं."

एवढंच करायचं होतं. मान हलवली की सगळी वरात सुखरूप गाडीत. आणि मग जन्मभर चौघांच्या चार भीत्या तिच्या एकटीच्या नावावर.

तिने घसा खाकरला. या घरात आल्यापासून पहिल्यांदाच ती सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोलली.

"मला उंचीची भीती वाटते. लहानपणापासून वाटते, मी लपवलं. ही भीती माझी आहे, माझी एकटीची. बाकीच्यांनी आपापली आपल्या तोंडाने सांगायची, मी कोणाची घेणार नाही. सांगा सावकाश, मी कुठे जात नाहीये. फक्त त्याआधी कोणीतरी माझी बोटं या कठड्यावरून सोडवा, बाळाची गाडी खोळंबलीय."