दोष सापडेपर्यंत तपासणी

हरवलेली वस्तू शोधण्याचा पहिला नियम असा की, ती जिथे असण्याचा संभव आहे तिथे शोधावी. दुसरा नियम असा की, तिथे ती सापडली नाही तर पुन्हा तिथेच शोधावी. (हा दुसरा नियम कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. घरोघरी पाळला जात असल्यामुळे छापण्याची गरज पडली नसावी.)

बनारसला संकठा घाटाच्या वरच्या गल्लीत टोकेकर राहतात. महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंची धर्मकृत्ये करणे हा त्यांचा पिढीजात व्यवसाय. विश्वेश्वरशास्त्री, त्यांच्या पत्नी अन्नपूर्णाकाकू, मुलगा यज्ञेश आणि सून वैदेही, एवढी माणसे. यज्ञेश-वैदेहीच्या लग्नाला सहा वर्षे झाली, मूल नाही. मी शेजारी. गल्लीतल्या मुलांना गणित शिकवतो, म्हणून या प्रकरणाकडे फक्त रीत बरोबर आहे का, एवढ्याच दृष्टीने पाहत आलो.

रीत अशी होती. घरात एक समिती बसली. तिच्यात सासू, सासरे आणि इंदूरहून फोनवर हजर राहणाऱ्या गीताआत्या. वैदेही हा स्वतःच विषय असल्यामुळे तिला सभासद करणे नियमात बसेना. दोष सुनेत आहे, हे समितीने पहिल्याच बैठकीत ठरवले आणि मग तपासणीला हात घातला. माझे काही विद्यार्थीही पुस्तकाच्या शेवटचे उत्तर पाहून मग गणित सोडवतात. फरक इतकाच की पुस्तकातले उत्तर बहुधा बरोबर असते.

पहिली तपासणी रक्ताची. हे रक्त पाळीच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी द्यायचे असते. पण टोकेकरांची सून त्या दिवसांत बाजूच्या खोलीत बसते, उंबरा ओलांडत नाही. समितीने मधला मार्ग काढला. पाचव्या दिवशी, न्हाऊन, पंचांगात चांगली वेळ पाहून वैदेहीने रक्त दिले. रक्त शुभ निघाले, उपयोगाचे निघाले नाही.

"माताजी, दूसरे दिन का खून चाहिए," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मुहूर्त का नहीं."

पुढच्या महिन्यात लॅबचे शिवराम घरी येऊन रक्त घेऊन गेले. त्यांनी सुनेला त्या दिवसांत शिवल्यामुळे जाण्याआधी काकूंनी त्यांना गंगेत बुडी मारायला लावली. डिसेंबर होता. वैदेहीचे रक्त उत्तम असल्याचे कळले आणि शिवरामांना ताप असल्याचेही. (एका सुईत दोन निदाने.)

मग ओळीने पुढील तपासण्या झाल्या: थायरॉइडची, साखरेची, पोट तट्ट फुगेपर्यंत पाणी पाजून केलेली सोनोग्राफी, बीज फुटते का हे पाहण्यासाठी एका दिवसाआड केलेल्या आणखी सोनोग्राफ्या, गर्भाशयाच्या अस्तराचा कण काढून क्षयाची, पत्रिकेतल्या पंचमस्थानाची, आणि गीताआत्यांच्या आग्रहावरून नजरेची (मीठ-मोहऱ्यांनी). सगळीकडे सगळे ठीक.

त्यानंतर गर्भनलिकांची तपासणी. मुलांना समजावतो तसे सांगतो. पाइप तुंबला आहे का हे पाहायला आपण वरून पाणी ओततो. इथे आतून औषध सोडतात आणि ते कुठवर जाते त्याचा एक्स-रे काढतात. पाइपाला दुखत नाही, एवढाच भेद. वैदेही ई-रिक्षात पाय पोटाशी घेऊन परत आली. दोन्ही नलिका पूर्ण मोकळ्या असल्याचा लेखी दाखला तिला मिळाला. आमच्या गल्लीतल्या एकाही गटाराला असा दाखला कोणी देणार नाही.

शाळेत पास झालेल्याला वरच्या वर्गात घालतात. वैदेहीला प्रत्येक वेळी पास झाल्याबद्दल पुढच्या परीक्षेला बसवण्यात आले. यज्ञेश मात्र एकाही परीक्षेला न बसता पहिला आला होता.

डॉक्टरीणबाई दर खेपेला विचारत, "पति की रिपोर्ट?" ही एक साधी तपासणी असते. सुई नाही, भूल नाही, एक डबी आणि थोडा एकांत. समितीने ती अनावश्यक ठरवली. कारणे भक्कम होती. एक, यज्ञेश रोज आखाड्यात जातो आणि गंगा पोहून पार करतो. दोन, त्याचा आवाज एका घाटावरून तिसऱ्या घाटावर ऐकू येतो. तीन, टोकेकरांच्या पूर्वजांत आजवर कोणीही निपुत्रिक नव्हता. पणजोबांना मूल होते, आजोबांना होते, वडिलांनाही आहे. (हा पुरावा मी पुष्कळ दिवस तपासला. त्यात चूक काढता येत नाही.) चार, यज्ञेशच्या आशीर्वादाने नाशिकपासून नागपूरपर्यंत पाळणे हलले आहेत. इतक्या बायकांना ज्याच्यामुळे मुले झाली, त्याची तपासणी?

अखेर समितीने ठरवले की पोटाला छिद्र पाडून, दुर्बीण घालून आत पाहावे. डॉक्टरीणबाईंनी पतीच्या रिपोर्टशिवाय भूल द्यायला नकार दिला. तेव्हा समितीने दुसरे डॉक्टर शोधले. ते काहीच विचारत नसत. त्यांनी मंगळवार दिला.

सोमवारी संध्याकाळी दोघे गच्चीवर भांडत होते. माझी गच्ची लागूनच आहे.

"आता बेहोश करून बघणार," वैदेही म्हणत होती. "शुद्धीत होते तेव्हा मी काय लपवलं होतं?"

"मी डबी देईन गं, माझी ना नाही. पण घाटावर कळलं तर? यजमान काय म्हणतील?"

"मग माझ्या नावावर दे."

"तुझ्या?"

"या घरातली कुठली तपासणी माझ्या नावावर नाही?"

मंगळवारी पोट बिघडल्याचे सांगून तिने दुर्बीण पुढे ढकलली, आणि गुरुवारी डबी गेली. शिवरामांनी तिच्यावर 'सौ. वैदेही टोकेकर' असे लिहिले आणि चेहरा हलू दिला नाही. (गंगास्नानाने माणसाला समज येते.)

रिपोर्ट शास्त्रीबुवांनी समितीपुढे मोठ्याने वाचला. "नाव, वैदेही टोकेकर. शुक्राणू फार कमी. जे आहेत ते मंद."

"बघा!" अन्नपूर्णाकाकूंनी मांडीवर थाप मारली. "मी पहिल्या दिवसापासून सांगत होते. शेवटी दोष हिच्यातच निघाला!"

"काय कमी आहे म्हणालास, दादा?" फोनवरून गीताआत्या.

शास्त्रीबुवांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला. मग म्हणाले, "दोष सापडला ना? झालं तर. आता दुर्बीण नको."

"हो आई, दोष माझाच," वैदेही म्हणाली. "औषध मीच घेईन. गिळतील फक्त हे."

समितीला हे न्याय्य वाटले. वैदेहीच्या दोषावर यज्ञेशचे उपचार सुरू झाले. तीन महिने गोळ्या, घट्ट लंगोट बंद आणि जर्दा-पान कायमचे बंद. गल्लीभर बातमी झाली. चौकातला पानवाला येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो, "मेहरारू बीमार है, तो इसने जर्दा छोड़ दिया. मर्द हो तो ऐसा." (मेहरारू म्हणजे बायको.) बायका वैदेहीला नशीबवान म्हणतात.

बनारसमध्ये राहून जर्दा सोडणे खरोखरच सोपे नाही. हे वाचताना तुम्हांलाही यज्ञेशचे क्षणभर कौतुक वाटले असेल. वाटले ना? घाबरू नका. तुमचा रिपोर्ट नॉर्मल आहे. आमच्या गल्लीत सगळ्यांचा तसाच आला.