धुवायला काढलेलं कपाट

कपाट मंडळाला द्यायचं, हे बायकोनेच ठरवून ठेवलं होतं. हॉस्पिटलच्या खाटेवर, नाकात नळी असताना, तिने नवऱ्याला दोनच गोष्टी बजावल्या. झोपताना गॅस बंद करायचा, आणि बाहुल्या जुन्या बाहुल्या जमवणाऱ्यांच्या बाहुली मंडळाला द्यायच्या. "सगळ्या एकत्र द्या. मुलीला एक, भाचीला एक, असं करत बसू नका. आणि धूळ पुसून द्या."

गॅस तो रोज बंद करत होता. बाहुल्यांचं मात्र पुढे ढकलत होता. काचेचं कपाट बाहेरच्या खोलीत होतं आणि त्यात बोटभर उंचीच्या शंभरावर फॅशनच्या बाहुल्या उभ्या होत्या. कुणी पार्टीला निघालेली, कुणी ऑफिसला, कुणी घोडेस्वारीला. घोडा नव्हता. कपाट गेलं की भिंतीवर त्याचा फिका चौकोन उरेल, आणि रोज चहा घेताना आपण त्या चौकोनाकडे बघत बसू, हे त्याला दिसत होतं. पण शब्द दिलेला. शेवटी मंडळाच्या अध्यक्षबाईंचाच फोन आला. "भाऊ, रविवारी येतो आम्ही. एकेकीची ओळख पटवू, आणि मग नेऊ."

तेव्हा त्याने धूळ पुसायला घेतली आणि तिथेच घोळ झाला. दुसऱ्या कुणी फडकं मारून विषय संपवला असता. हा पडला लाँड्रीवाला. उभा जन्म लोकांचे डाग काढण्यात गेलेला. पहिल्याच बाहुलीच्या कॉलरवर त्याला मळाची रेघ दिसली, आणि मग त्याचे हात त्याचं ऐकेनात.

त्याने सगळ्यांचे कपडे उतरवले. दुकानात घालायचा तसेच ढीग घातले. पांढरे वेगळे, रंग जाणारे वेगळे, रेशमी वेगळे, लोकरी वेगळे. दुकानात प्रत्येक कपड्याला गिऱ्हाइकाच्या खुणेची चिंधी बांधायची पद्धत होती, पण नखाएवढ्या ब्लाउजला चिंधी बांधणार कुठे? बूट त्याने चहाच्या गाळणीत विसळले. बाहुल्यांना गरम पाण्याच्या टबात सोडलं. त्या सगळ्या पाठीवर तरंगत छताकडे बघू लागल्या. ते काही त्याला बघवेना. त्याने टबावर टॉवेल टाकला.

कपडे वाळल्यावर रुमाल ठेवून इस्त्रीच्या टोकाने एकेकाला कडक इस्त्री केली. दुकान बंद केल्यापासून इतकं चोख काम त्याच्या हातून झालं नव्हतं. मग त्याने पहिली बाहुली उचलली, तिला घालायला कपडे शोधू लागला आणि तसाच बसून राहिला. कुणाचं काय, त्याला काही म्हणजे काही आठवेना.

त्याने मुलीला फोन लावला.

"बाबा, सगळे एकदम धुतलेत?"

"पांढरे वेगळे भिजवले होते."

"अहो, त्याने काय होतंय? थांबा, आईचा मोबाईल माझ्याकडे आहे. त्यात फोटो असतील."

फोटो पुष्कळ होते. पण प्रत्येक फोटोत कपाटाच्या पुढे हाच उभा होता.

"तुम्हाला बाजूला नाही का सरकता आलं?" मुलगी कळवळून म्हणाली.

"सरका असं कधी म्हणाली नाही ती."

मुलगी नाक ओढून म्हणाली, "मापाने घालून बघा."

माप सगळ्यांचं एकच होतं. शेवटी त्याने आपल्या अकलेने सगळ्यांना कपडे घातले आणि रविवारची वाट बघत बसला.

अध्यक्षबाई आल्या त्या जप्तीला आल्यासारख्या. बायकोचं आणि त्यांचं वर्षानुवर्षं फोनवर वाजायचं. कुठली बाहुली कुठल्या सालातली, यावरून बायको फोन आदळायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा लावायची. बाईंबरोबर मंडळाची चिटणीस होती, एक तरुण दातांची डॉक्टर. तिने दात बघायचा छोटा आरसा आणला होता.

अध्यक्षबाईंनी चष्मा वर केला, खाली केला. "अहो भाऊ, ही पोहायला निघालीय आणि हिच्या पायात बर्फातले बूट?"

"पाणी गार असेल."

"आणि ही नवरी! हिच्या हातात टेनिसची रॅकेट!"

"मला तो पंखा वाटला."

डॉक्टरने एकीला उलटं धरून आरसा लावला. "काका, पाणी किती गरम होतं? ही कुरळी होती हो. आता नुकतीच तापातून उठल्यासारखी दिसतेय."

मग दोघींनी त्याला समजावून सांगितलं. कमरेमागे उमटवलेली अक्षरं, गुडघा वाकतो की नाही, डोळे समोर बघतात की तिरके, यावरून बाहुलीचा साचा कळतो. पण एकाच साच्यातून बहिणी बहिणी निघालेल्या असतात. त्या ओळखायच्या त्यांच्या झग्यावरून, पर्सवरून, बुटांवरून.

"ओळख न पटलेलं कपाट मंडळ घेत नाही," अध्यक्षबाई म्हणाल्या. "दर रविवारी बसावं लागेल आता."

त्या बसू लागल्या. जेवणाच्या टेबलावर चादर अंथरून, चिमट्याने एकेक बाही चढवत.

"हा कोट हिचाच. माझ्याकडे आहे अशीच."

"मॅडम, तुमच्याकडचीच चुकीची असेल."

"तू दात बघ गं."

तो चहा करायचा, टोस्ट काढायचा आणि कोपऱ्यात खुर्ची घेऊन ऐकत बसायचा. घरात कुणीतरी भांडत होतं. किती दिवसांनी. पण एकेक कप्पा भरत चालला तसा त्याचा जीव खालीवर होऊ लागला. एखादी टोपी लपवून ठेवावी असं त्याच्या मनात आलंही. पण मरणाऱ्या माणसाला दिलेला शब्द. त्याने हात लावला नाही.

आणि तरीही गोष्टी हलू लागल्या. मागच्या रविवारी पुरी झालेली बाहुली या रविवारी एका बुटावर उभी. ऑफिसवालीची पर्स घोडेस्वारीवालीच्या खांद्यावर.

"काका, पुन्हा धुतलंत की काय?" डॉक्टरने आरसा खाली ठेवला.

"शपथ, हात लावला नाही."

शपथ घेतली खरी, पण त्याचाच त्याच्यावर विश्वास बसेना. मनात आलं होतं, तर हातानेही केलं असेल. बायको गेल्यापासून कित्येकदा तो दोन कप चहा ओतून बसत होता. मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, डॉक्टरला दाखवू या."

"दर रविवारी येते की घरी."

"दातांची नव्हे!"

त्याने धसका घेतला. कपाटाला कुलूप घातलं आणि किल्ली ज्या एका माणसाकडून चूक होणं शक्य नव्हतं, त्या अध्यक्षबाईंच्या हातात दिली. घोळ त्यानंतर दुप्पट झाला. किल्ली नसतानाही आपण हे करतो, म्हणजे आपलं दुखणं साधं नाही, असं त्याच्या मनाने घेतलं.

तरी डॉक्टर चिकट होती. एका रविवारी दुपारी तिने शेवटच्या बाहुलीचा पट्टा लावला आणि हुश्श केलं. टेम्पो आला होता. त्याला मागे घ्यायला सांगते म्हणून ती जिना उतरली. हा चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघरातून निघाला आणि दारातच थांबला.

अध्यक्षबाईंनी कपाट उघडलं होतं. मधल्या कप्प्यातली एक बाहुली त्यांनी अलगद काढली, नखाने तिचा एक बूट उपटून आपल्या पर्समध्ये टाकला आणि तिला परत कप्प्यात उभं केलं.

ट्रेमधले कप वाजले.

बाईंनी वळून पाहिलं नाही. "भाऊ, ओरडू नका."

"मला वाटलं मीच..." ट्रे हातातच धरून तो म्हणाला. "डोकं तपासून घ्यायला निघालो होतो मी!"

"तेवढं चुकलंच माझं." बाई खुर्चीत बसल्या. एकदम थकलेल्या दिसल्या. "मंडळात सगळ्या माझ्या हो ला हो करतात. ही डॉक्टर उलट बोलते, पण शेवटी मॅडम म्हणते. इथे बसलं की वाटतं, आत्ता तुमची बायको आतून हात पुसत येईल आणि म्हणेल, तुम्हाला काही कळत नाही. कपाट मंडळाच्या खोलीत नेऊन ठेवलं की संपलंच मग."

त्याने ट्रे टेबलावर ठेवला. खाली टेम्पोवाला कुणावर तरी खेकसत होता. जिन्यावर डॉक्टरच्या चपला वाजू लागल्या.

"मी तिला शब्द दिलाय," तो म्हणाला.

"मोडतंय कोण? ओळख पटली की त्याच दिवशी नेणार. लिहून देते."

तो कपाटापाशी गेला. एका बुटावर उभ्या असलेल्या बाहुलीकडे त्याने पाहिलं.

"एका बुटाने काय होतंय?" तो म्हणाला. "ती पोरगी तासाभरात शोधून काढेल. सरका, वरचा कप्पा मी घेतो."