प्रार्थनेतली लाइन क्लिअर

बद्रीनाथ मास्तरांच्या आयुष्यातला शेवटचा रविवार उजाडला, तेव्हा त्यांची मुलगी एस्तेर बदनापूरच्या दोन खोल्यांच्या घरात बसून नवऱ्याच्या पांढऱ्या अंगरख्याच्या पाठीवरचा डाग ओल्या फडक्यानं पुसत होती. डाग दुधाचा होता. तो पाडणारे पाच महिन्यांचे चिरंजीव याकोब शेजारीच पाय झाडत पडले होते.

“दुसरा न्हाई का?” शांतवननं विचारलं.

“दुसऱ्यावर त्यानं काल ओकून ठेवलं.”

“मंग हाच दे. सुपरिंटेंडंट साहेब लांबून बघतील.”

“लांबून कशाला? तुमच्या शेजारीच बसणार हायेत ते. तुमी पाठ करू नका त्यांच्याकडं, म्हंजे झालं.”

शांतवन अकरा महिन्यांपूर्वीपर्यंत बदनापूर स्टेशनात तारबाबू होता. एस्तेरचे वडील बद्रीनाथ मास्तर त्याच स्टेशनाचे स्टेशनमास्तर. म्हणजे सासरा तोच साहेब. मग एके दिवशी शांतवननं राजीनामा दिला आणि मेथडिस्ट मिशननं त्याला एक वर्षाच्या बोलीवर पाळक नेमलं. आज मिशनचे सुपरिंटेंडंट साहेब येऊन त्याची उपासना पाहणार होते. पसंत पडली तर नेमणूक पक्की. नाही पडली तर पुन्हा तार बडवायला जायचं, कारण मास्तरांनी त्याची जागा अजून भरू दिली नव्हती.

“जावईबापू,” मास्तर दारातूनच म्हणाले, “उद्या सकाळी सातला हजर व्हा. बिलकुल लाजू नका.”

“बाबा, अजून उपासना व्हायची हाय,” एस्तेर म्हणाली.

“होऊ दे की. मी पण येतोय बघाया. पक्की नोकरी सोडून माणूस पाळक होतो म्हंजे काय? चालत्या गाडीतून उतरून पायी निघाला की हो!”

अकरा महिने मास्तर हेच ऐकवत होते आणि शांतवन मान खाली घालून ऐकत होता. एस्तेरही मान खाली घाली, पण तिचं कारण वेगळं होतं. राजीनामा द्यायला तिनंच सांगितलं होतं. शांतवन दोन वर्षं नुसताच कुढत होता. शेवटी एकदा भाकरी थापता थापता ती म्हणाली होती, “सोडा ती तार. तुमचं मन तिथं न्हाई. बाबांना मी सांगते.” पहिलं तिनं करून घेतलं आणि दुसरं राहूनच गेलं. आज उपासना फसली असती तर सगळा दोष शांतवनच्या माथी बसला असता, आणि तो बसू द्यावा की नाही हे तिला ठरवावं लागलं असतं. म्हणून ती डाग फार जोरात पुसत होती.

उपासना फलाटासमोरच्या कापसाच्या जुन्या गोदामात भरे. मंडळी सारी मिळून एकोणीस माणसं, त्यातली निम्मी रेल्वेची. त्या दिवशी बहुतेकांच्या मांडीशी गाठोडी होती. सोमवारी परतूरला लग्न होतं आणि दुपारची गाडी धरायची होती. रुळांचे सांधे आणि सिग्नल सांभाळणारा सांधेवाला कडूबा दोन गाड्यांच्या मधल्या वेळात येऊन बसला होता आणि बसल्या बसल्या पेंगत होता. मास्तर शेवटच्या बाकावर होते.

सुपरिंटेंडंट साहेब अमेरिकन. मराठी ते पुस्तकावरून शिकले होते, त्यामुळे ती फार शुद्ध होती आणि फार वेळ चाले. त्यांनी प्रार्थना सुरू केली. सगळ्यांनी डोळे मिटले. साहेबांनी निजाम सरकारसाठी प्रार्थना केली, पिकांसाठी केली, जगातल्या विधवांसाठी केली, आणि ते समुद्रावरच्या खलाशांपर्यंत पोचले तेव्हा याकोबनं तोंड उघडलं.

एस्तेरनं थोपटलं, हलवलं, पदराखाली घेतलं. आवाज वाढतच गेला. पोराला एकाच गोष्टीनं झोप येई. शांतवन पाळण्याच्या लाकडावर पेन्सिलीनं तारेची खटखट वाजवी, ती ऐकली की याकोब मिटल्या ओठांनी गप्प होई. शांतवननं मेजामागून लेकाकडे पाहिलं, साहेबांच्या मिटल्या डोळ्यांकडे पाहिलं, आणि पेन्सिल उलटी धरून मेजावर हळूच वाजवू लागला. कट्ट, कट-कट, कट्ट.

याकोब शांत झाला. एस्तेरनं सुटकेचा श्वास सोडला. पण शांतवनच्या बोटांना चार वर्षांत एकच वाक्य पाठ झालं होतं. पुढचं स्टेशन तारेवर ‘लाइन क्लिअर’ कळवतं, तेव्हाच गाडी सुटते. ते दोन शब्द त्यानं हजारदा वाजवले होते, आणि आत्ताही तेच वाजवत होता.

कडूबाला तार वाचता येत नव्हती. ही खटखट ऐकली की सिग्नलकडे धावायचं, एवढंच त्याला वीस वर्षांत पक्कं ठाऊक होतं. तो झोपेतूनच उठला आणि धावला.

सोनूबाईंनी एक डोळा उघडला. त्या मिशनच्या सगळ्यात जुन्या बाई.

“अगं बया, कडूबा पळाला! गाडी आली. उठा, जल्दी!” त्या कुजबुजल्या.

प्रार्थना चालू असल्यामुळे कुणीही आवाज केला नाही. लोकांनी चपला हातात घेतल्या, गाठोडी काखोटीला मारली आणि चवड्यांवर चालत एकामागोमाग एक बाहेर पडले. शेवटच्या माणसानं जाता जाता दारही लोटून घेतलं.

“आमेन,” साहेब म्हणाले आणि त्यांनी डोळे उघडले.

गोदामात पाळक, त्याची बायको, झोपलेलं मूल आणि मागच्या बाकावर एक म्हातारा एवढेच उरले होते.

“मंडळी कोठे अंतर्धान पावली?” साहेबांनी विचारलं.

शांतवननं पेन्सिल खिशात सारली. मास्तरांनी प्रार्थनेतही डोळे मिटले नव्हते, स्टेशनमास्तरला ती सवयच नसते. मेजावर काय वाजलं तेही त्यांनी शब्दन्‌शब्द वाचलं होतं. त्यांनी जावयाकडे पाहिलं. हसू त्यांच्या मिशीपर्यंत आलं होतं. मग त्यांनी एस्तेरकडे पाहिलं आणि ते हसू गेलं.

“साहेब, ते आणखी माणसं आणाया गेले,” मास्तर उठत म्हणाले. “आत्ता येतेत. तवर तुमी एक गायन म्हणा.” आणि ते बाहेर पडले.

एस्तेर मूल घेऊन दारापर्यंत आली. फलाट वीस पावलांवर होता.

“कडूबा, सिग्नल कुणी पाडाया सांगितला रे?”

“लाइन क्लिअर मिळाली की, मास्तर! म्या ह्या कानानं ऐकली.”

“कुठं?”

“प्रार्थनेत.”

“वर कर तो आधी!” मास्तर गरजले. मग ते फलाटाच्या मधोमध उभे राहिले. गाडीला अजून चाळीस मिनिटं होती आणि ती अगदी वेळेवर होती. तीस वर्षांच्या नोकरीत मास्तरांनी गाडीची वेळ कधी खोटी सांगितली नव्हती.

“गाडी दीड तास लेट हाय!” त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. “उन्हात मरू नका. समोर गोदामात सावली हाय, गार पाणी हाय. चला, चला, बायामाणसं पुढं.”

एकोणीस गेले होते, त्रेचाळीस परत आले. त्यांत मिरचीची पोती घेतलेले आष्टीचे शेतकरी होते, बांगड्यांची माळ गळ्यात अडकवलेला कासार होता, पोलिसातला एक जमादार होता आणि एका म्हातारीची शेळीही होती. साहेब उभेच राहिले.

“एकाच प्रार्थनेने!” ते शांतवनला म्हणाले. शांतवननं त्यांच्याकडे पाठ होऊ दिली नाही.

तयार केलेला उपदेश तो पार विसरून गेला होता. समोर गाठोड्यांवर बसलेली माणसं पाहून तो वाट पाहण्यावर बोलू लागला. वाट पाहणारी माणसं त्यानं चार वर्षं खिडकीतून पाहिली होती. कोण सारखं उठून रुळाकडे बघतं, कोण दुसऱ्यालाच वेळ विचारतं, कोण निजून जातं आणि गाडी चुकवतं, हे सगळं त्यानं सांगितलं. लोक माना डोलावू लागले. “बराबर!” जमादार म्हणाला. एस्तेरला वाटलं, हा माणूस तारेच्या खोलीत काय करत होता?

तेवढ्यात खरीच शिटी झाली.

शेळीसकट सगळे उठले. साहेबही उठले, त्यांना संध्याकाळी जालन्याला पोचायचं होतं. गार्डनं दोनदा शिटी फुंकली, तरी मास्तर हिरवी झेंडी काखेत गुंडाळून साहेबांच्या खिडकीशी उभे.

“मास्तर, झेंडी!” गार्ड ओरडला.

“ठैरो. साहेब, आमच्या पाळकाचं काय ठरलं?”

“मी पत्राद्वारे कळवीन.”

“पत्र नको, तोंडानं सांगा. लाइन क्लिअर असल्याबिगर मला गाडी सोडता येत न्हाई.”

साहेबांनी घड्याळ पाहिलं. मग शेजारच्या खिडक्यांतून डोकावणारी सगळी डोकी पाहिली.

“नेमणूक पक्की,” ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच हसले.

मास्तरांनी झेंडी उघडली. अकरा महिने ‘आमचा तारबाबू’ म्हणणाऱ्या वडिलांच्या तोंडून ‘आमचा पाळक’ निघाला, हे एस्तेरनं ऐकलं होतं.

दुपारी जेवण झाल्यावर मास्तर नातवाला मांडीवर घेऊन बसले.

“दोन मिनिटं गाडी खोळंबली माझ्यापायी,” ते म्हणाले.

“कशाला थांबवली, बाबा?”

“तुझं तोंड बघवंना.” ते थोडा वेळ याकोबची बोटं मोजत राहिले. “एक सांग, एस्तेर. ह्या गरीब माणसात राजीनामा द्यायची हिंमत आली कुठून?”

“देवानं दिली असंल.”

“देवानं. बरं.”

ते तिच्याकडे पाहत राहिले, जसं तारेवर विचारून झाल्यावर पलीकडच्या स्टेशनाच्या उत्तराची वाट पाहत. त्यांना कळलं होतं, हे तिला कळलं. आत्ता सांगावं, असं तिच्या अगदी ओठावर आलं.

“चहा ठेवते,” ती म्हणाली आणि उठली. उद्या सांगू.

सोमवारी सकाळची गाडी मास्तरांनी वेळेवर सोडली, आत जाऊन बसले, आणि तिथंच गेले. कुणाला हाकही मारली नाही.

मंगळवारी दफन झालं. माणसं येऊन ओसरीवर टेकली. परतूरहून लग्न अर्धं टाकून आलेल्या सोनूबाई डोळे पुसत म्हणाल्या, “लई सरळ माणूस. जावयानं पक्की नोकरी लाथाडली, ते एक जिवाला लागलं त्यांच्या.”

“तर वो,” कडूबा म्हणाला. “येता-जाता तेच बोलत होते.”

शांतवननं नेहमीसारखी मान खाली घातली. त्यानं आजही काही सांगितलं नसतं, आणि उद्याही नाही.

एस्तेरनं याकोबला त्याच्या हातात दिलं आणि ती उभी राहिली. सगळे तिच्याकडे पाहू लागले. ती त्यांच्यातल्या कुणाकडेच पाहत नव्हती.

“नोकरी ह्यांनी न्हाई सोडली, बाबा,” ती मोठ्यानं म्हणाली. “मी सोडायला लावली.”