बसलेल्या माणसाचा व्यायाम

ओडिलोनच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि थोड्याच दिवसांत कोरोनामुळे सगळा बेल्जियम घरात बसला. व्यायाम करून घेणाऱ्या बाईंचा दवाखाना बंद झाला. बाई फोनवर म्हणाल्या, "रोज चाला. थकलात की बसा, मग पुन्हा चाला."

ओडिलोनला चालायची घाई होतीच. त्याची शर्यतीची कबुतरं बागेतल्या शेडच्या माळ्यावर होती आणि माळ्यावर जायला उभी शिडी. तूर्त जावई योरिस येऊन दाणापाणी करायचा आणि जाताना खिडकीबाहेरून कुरकुरायचा. "बाबा, उन्हाळ्यापर्यंत तुम्ही चढलात तर ठीक. नाहीतर पाखरं शर्यतीच्या क्लबाला देऊन टाकू. मला हे जमायचं नाही."

बायकोकडून काही आशा नव्हती. मारिएटनं उभ्या संसारात त्या शिडीवर पाय ठेवला नव्हता. कबुतरांचा विषय निघाला की ती नाक मुरडून भांडी घासायला जायची.

पहिल्या दिवशी दोघं लेये नदीकाठी निघाली. ओडिलोनच्या हातात चाकांचा वॉकर. काठावरच्या बाकाला, कुणी बसू नये म्हणून, लाल-पांढरी पट्टी गुंडाळली होती, ती बाजूला सारून तो टेकला. लगेच पोलीस हजर. वॅनहाउट त्याचं नाव, वयानं पन्नाशीचा, चेहरा सदा गोंधळलेला.

"आजोबा, उठा. चालायला परवानगी आहे, बसायला नाही."

"बसल्याशिवाय मला चालता येत नाही."

"मग चालू नका."

"डॉक्टर म्हणतात चाला."

"मग चाला की. पण बसू नका."

दुसऱ्या दिवशी ओडिलोननं वॉकरवरचीच घडीची बैठक उघडली आणि त्यावर ऐसपैस बसला. वॅनहाउटनं त्याच्याभोवती एक फेरी मारली.

"हा बाक नाही," ओडिलोन म्हणाला. "ही माझी स्वतःची खुर्ची आहे."

वॅनहाउटनं ठाण्यात फोन लावला. बराच वेळ तो "हो साहेब, चाकं आहेत साहेब" असं म्हणत होता. मग म्हणाला, "एका जागी थांबायचं नाही. चाकं फिरत असतील तर हरकत नाही."

"मी बसल्यावर ती फिरवणार कोण?"

दोघा पुरुषांनी मारिएटकडे पाहिलं.

अशी मारिएट रोज नवऱ्याला ढकलू लागली. सुरुवातीला तिला धाप लागे आणि तोंडाचा पट्टा सुरू होई, पण धापेमुळे तो लवकर आटपे. ओडिलोनचं तोंड मात्र मोकळं होतं. कुठल्या पाखराला काय चारायचं, कुठलं वाऱ्याविरुद्ध उडतं, कुठलं नुसतं दिसायला देखणं, हे तो तिला रोज ऐकवत राहिला. पळून जायची तिला सोय नव्हती.

मध्येच वॅनहाउटला नवी शंका आली. "व्यायाम नेमका कोणाचा चाललाय?"

"माझा," मारिएट घाम पुसत म्हणाली.

"मग हे बाहेर कशाला? बाहेर पडणाऱ्यानं व्यायाम केला पाहिजे."

"उतरतो," ओडिलोन म्हणाला, "पण मग मला बसावं लागेल."

वॅनहाउटनं टोपी काढून डोकं खाजवलं. ठाण्यात पुन्हा फोन करायची त्याची छाती होईना. शेवटी त्यानं स्वतःच्या जबाबदारीवर निकाल दिला. "आजोबांनी बसल्या बसल्या पाय हलवायचे."

ओडिलोन हवेत पाय मारत नदीकाठानं जाऊ लागला. ते पाहून इतर म्हाताऱ्यांनाही हा कायदा पटला. महिन्याभरात लेयेच्या काठी नवऱ्यांची मिरवणूकच निघू लागली. सगळे बसलेले, सगळे पाय हलवणारे. वॅनहाउट दोन जोड्यांमधलं अंतर तपासत मागेपुढे धावायचा. नियम कोण पाळतंय आणि कोण मोडतंय, हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

जूनमध्ये योरिस शिडीपाशी येऊन उभा राहिला. ओडिलोननं दोन्ही हातांनी शिडी धरली आणि दुसऱ्या पायरीपर्यंत गेला. पुढे गुडघा ऐकेना. वरून पाखरांचं घुमणं ऐकू येत होतं. तो खाली उतरला आणि कुणाकडे न बघता म्हणाला, "क्लबाला फोन कर, योरिस."

"सरक," मारिएट म्हणाली आणि दाण्याचा डबा काखेत मारून भराभरा वर गेली.

दोघे खाली तोंड उघडं टाकून उभे राहिले. मग माळ्यावरून आवाज आला, "योरिस, या निळ्या मादीला नुसता मका चारून लठ्ठ केलंस. ही शर्यतीला जायची नाही."

"जाईल," ओडिलोन न राहवून ओरडला. "माझं सगळ्यात चांगलं पाखरू आहे ते."

"लठ्ठ पाखरू घरी ठेवायचं, असं तूच सांगितलंयस. घरीच राहील ती."

योरिसनं सुटकेचा निःश्वास सोडला आणि तो गेला. पाखरं वाचली. ओडिलोनला इतका आनंद झाला की जेवताना त्यानं मारिएटचं कौतुकसुद्धा केलं. यंदाच्या शर्यतीत आपण काय काय करणार, तेही सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं.

रविवारी क्लबाच्या सेक्रेटरीचा फोन आला. ओडिलोननं पाखरांची नावं सांगायला घसा साफ केला.

"बरा आहेस ना?" सेक्रेटरी म्हणाला. "जरा मारिएटला दे. योरिस म्हणाला, आता तीच सगळं बघते. कुठली पाखरं पाठवायची ते विचारायचंय."

ओडिलोन फोन घेऊन, कुठेही न टेकता, थेट शेडपर्यंत चालत गेला आणि शिडीखालून त्यानं तिला हाक मारली.

"थांबायला सांग त्याला," वरून उत्तर आलं. "मी कामात आहे."